बाबल्याचो कोपरो

बाबल्या,

आज सकाळीही चहाचं आधण ठेवलं, मधल्या भिंतीकडे तोंड केलं आणि विचारलं, "आसस?"

आपली ती भिंत आढ्यापर्यंत गेलेली नाही. वाशांच्या बरीच खाली संपते. वर कौलांखाली तुझी-माझी हवा एकच. त्यामुळे इतकी वर्षं आपल्याला सकाळी एकमेकांच्या दारात जावं लागलं नाही. मी इकडून विचारायचं, तू तिकडून "आसंय" म्हणायचं, की दोघांचा दिवस सुरू. कधी तू म्हणायचास, "नाय, मालवणाक गेलंय." गुडघे फारच धरले असले की, "मेलंय, पण च्या व्हयो."

चैत्रातल्या त्या सकाळी तू काहीच म्हणाला नाहीस. आदल्या संध्याकाळी आपलं सिमेंटवरून वाजलं होतं. तू रुसला आहेस असं समजून मी आधी माझा चहा पिऊन घेतला, कप विसळून ठेवला, आणि मग येऊन तुझं दार ढकललं.

तुझं सगळं रीतसर झालं. दहाव्याला खालच्या ओढ्यावर, पऱ्याच्या काठावर पान मांडलं, तेव्हा मी मनाशी एक ठरवून गेलो होतो. कावळा शिवला नाही तर पुढे व्हायचं आणि सगळ्यांसमोर बोलायचं. वाक्यं जुळवून ठेवली होती. पण तुझ्या नितीनने पान खाली ठेवून हात मागे घेतला नाही तोच कावळा आला. तात्या, आपला चुलतभाऊ, म्हणाला, "बघलास? बाबलो कोणावर रागान गेलो नाय. मोकळो गेलो." सगळ्यांना बरं वाटलं. मी माझी वाक्यं तशीच घेऊन चढ चढून परत आलो. आयुष्यभर तू मला अशीच वाट करून देत आलास, आणि आयुष्यभर मी त्या वाटेने निसटत आलो.

तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांचं त्यांना बोलू दे. मला एका कोपऱ्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या भावकीत कोणाचं काम बिघडलं की काय म्हणतात, ते तू मरेपर्यंत ऐकलंस. मांडव कलला, 'बाबल्याचो कोपरो'. सोलकढी फुटली, 'बाबल्याचो कोपरो'. कोणाच्या पोराला कामावर ठेवायचं म्हटलं तर, "हेका काम दिलास तर बाबल्याचो कोपरो करून ठेवतलो." ज्यांनी आपलं हे घर, हा मांगर, डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नाही, तेही म्हणतात. तू सगळ्यांबरोबर हसायचास. तुझं हसू थोडं मागाहून यायचं, आणि हसताना तू उजवा तळवा मांडीवर पुसायचास, जणू अजून त्याला माती लागलेली आहे.

तो कोपरा तुझा नव्हता, बाबल्या. माझा होता.

तू लहान होतास, म्हणून तुला मूळ घराची वाटणी आठवत नव्हती. मला आठवते. बाबांचं आणि काकांचं इतकं बिनसलं की घराच्या आढ्याच्या लाकडाला मधोमध करवत लावली. दोन माणसं वर बसून कापत होती, आई खाली खळ्यात तुला कडेवर घेऊन उभी होती आणि भुसा तुझ्या डोक्यावर पडत होता. त्या पावसाळ्यात दोन्हीकडचं छप्पर खाली बसलं. मग बाबांनी वाद सोडला, पडलेलं घर काकांना दिलं, आणि आपण बिऱ्हाड घेऊन वर काजूच्या बागेतल्या मांगरात आलो. तो तेव्हा मांगरच होता. गुरं, गवत, औतं ठेवायची जागा, कुडाच्या भिंती. आपण त्याच भिंतींत वाढलो.

आपण दोघे हाताशी आलो तेव्हा बाबांनी मांगर जांभ्या चिऱ्याने बांधायला काढला. "हेच्यात दोगांचे संसार मावतले," म्हणाले. बाहेरचा गवंडी नाही, मजूर नाही. खालच्या अंगाला खाण काढली आणि आपलेच चिरे आपण काढले. चिरा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो. पहिल्या काही दिवसांत हवा तसा तासून घ्यावा लागतो. एकदा वारा-ऊन लागलं की त्याच्यावरून हत्यार उडतं. तू प्रत्येक चिऱ्यावर बोटाचं पेर वाजवून कान लावायचास. "हो बोलता," म्हणायचास, किंवा "हो मुको." मुके चिरे तू बाजूला टाकायचास, आणि बाबा वैतागायचे, "रे, घर बांधतस काय भजनाक पेटी निवडतस?"

मागची भिंत आपण दोन टोकांनी आणत होतो. मी वरच्या अंगाने, माझ्या खोलीची. तू उताराच्या अंगाने, तुझ्या खोलीची. मधे भेटायचं होतं. नवख्या माणसाला कळावं म्हणून सांगतो, कारण हे तुझ्याशिवाय आणखी कोणी वाचलं तर मला हवंच आहे. खालच्या थरात दोन चिऱ्यांचा सांधा जिथे येतो, तिथे वरच्या थरात अख्खा चिरा बसवायचा. याला सांधा मोडणं म्हणतात. सांध्यावर सांधा आला तर भिंत तिथे उभी चिरते. आणि काम अर्धवट सोडायचं झालं तर एक थर बाहेर, एक थर आत, असे दाते सोडून ठेवायचे, म्हणजे समोरून येणाऱ्याचे चिरे त्यांत गुंततात.

तू दाते सोडून मिठबावला गेलास. बायच्या, आपल्या बहिणीच्या, घरातून निरोप आला होता. तिचा नवरा आंब्यावरून पडला होता आणि झाडं भरलेली होती. तू तिच्याकडे आंबे उतरवायला गेलास. बाबांच्या कमरेत उसण भरलेली, ते खळ्यात पडून. मांगरावर मी एकटा. समोर तुझी भिंत, तिचे दाते बाहेर. इतके सरळ, इतके सारखे, की मला हेवा वाटला हेही सांगून टाकतो.

मी तासायचं हत्यार घेतलं आणि तुझे दाते एकेक करून सपाट केले. चिरे ताजे होते. फार जोर लागला नाही. मग माझी भिंत त्यांच्यापर्यंत आणून नुसती भिडवली. खालपासून वरपर्यंत सांध्यावर सांधा. मधली भिंत माझ्या थरांत गुंतवून वर नेली आणि तुझ्या बाजूला फक्त टेकवली. वरून माती-चुन्याचा गिलावा फिरवला.

मी मनाला सांगितलं, आढं कापण्यापेक्षा हे बरं. उद्या दोघांचं बिनसलंच तर घराला करवत लागू नये, आपोआप दोन व्हावं. ते करवतीचं भय खरं होतं, ते मी आजही खोटं म्हणणार नाही. पण मग मधली भिंत माझ्याच बाजूला का गुंतवली? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही होतं. घर फुटलं तर माझ्या खोलीला चार भिंती राहाव्यात असं मला वाटत होतं. तुझ्या खोलीला तीन उरतात, हे मी मनात येऊ दिलं नाही.

तू आंब्यांचे टोपले घेऊन आलास, आणि टोपले खाली ठेवायच्या आधी भिंतीजवळ गेलास. ओल्या गिलाव्यावर हात ठेवून विचारलंस, "गुंतवलंस मां रे?"

मी म्हटलं, "व्हय."

एवढंच. पुढे जे काही झालं ते त्या एका शब्दाने झालं. चिरा मऊ असतानाच तासावा लागतो, तसं ते त्याच दिवशी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी थोडं कठीण गेलं असतं, महिन्याने आणखी. नंतर त्या शब्दावरून माझं हत्यार उडायला लागलं.

पावसाळा सरला आणि तुझ्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ दिसली. पुढच्या पावसाने ती बोट शिरेल इतकी झाली. बाबा काठी टेकत आले, रेघेवरून नख फिरवलं आणि तुला म्हणाले, "बाबल्या, सांधो मोडूक नाय रे तुया?"

"मोडलंय, बाबानू."

"मगे भिंत खोटा बोलता?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. स्वतःच्या हातांकडे पाहिलंस. मी तिथेच उभा होतो, बाबल्या, तुझ्यापासून हातभर. आणि मी म्हटलं, "जावंदे, बाबानू. शिकता अजून."

त्या वाक्याने मी तुझा कैवारी ठरलो. बाबा जाईपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "थोरल्याचो हात बघा. धाकट्याचो कोपरो बघू नकात." पेडण्याचा तो गवंडी तुला गोव्याला न्यायला तयार होता, मोठी कामं होती त्याच्याकडे, तू पत्र्याची पेटीसुद्धा रंगवून घेतली होतीस. तो मांगर बघायला आला, कोपऱ्याशी थांबला आणि म्हणाला, "हात बरो आसा रे तुजो. पण गिऱ्हाइकाक हात दिसणा नाय, भिंत दिसता." तुझ्या ऐवजी त्याने तात्याच्या मेहुण्याला नेलं. रंगवलेल्या पेटीत तू पुढे काजूच्या बिया ठेवायला लागलास. त्यानंतर कोणी तुला भिंतीवर बोलावलं नाही. चिरे काढायला बोलावलं, वाहायला बोलावलं. मी वैभववाडीला नोकरीवर गेलो आणि तू या डोंगरावर राहिलास, त्या कोपऱ्याबरोबर.

बाबांच्या मागे आपली वाटणी झाली. कशावरून झाली ते आता मलाही धड सांगता येत नाही. बायका-बायकांचं नव्हतं, उगाच त्यांच्यावर ढकलतात. पंच बसले. मांगराची मधली रेघ कुठे धरायची यावर बोलणं आलं, तेव्हा तात्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "रेघ खंय मारूची हेचो इचार कित्याक? देवानच मारून ठेवल्यान हा." सगळे हसले. तू हसला नाहीस. त्या वेळी तू माझ्याकडे पाहिलंस, सरळ, बराच वेळ. मला वाटलं, वाटणीचं वाईट वाटतंय.

माझा अंदाज खरा ठरला होता. घर करवतीशिवाय दोन झालं होतं. पण मला आजवर एक प्रश्न सोडत नाही. आपण फुटणार म्हणून मी भिंत तशी बांधली, की भिंत तशी बांधली म्हणून आपण फुटलो?

वाटणी झाली तरी तू वाटणीसारखा वागला नाहीस. निवृत्त होऊन मी बायकोला घेऊन इथे आलो. तिच्या आजारपणात, ऐन आषाढात पऱ्या भरून वाहत असताना, तू तिला लाकडी खुर्चीत बसवून खुर्ची पाठीला बांधलीस आणि कमरेइतक्या पाण्यातून पलीकडे नेलंस. वर तिलाच बजावत होतास, "वैनी, हलू नको हां, बाबल्याचो कोपरो आसा, खंय सुटात ते सांगूक येणा नाय." ती हसली. शेवटच्या आजारपणातलं तिचं ते एवढंच हसू मला आठवतं. मी मागून छत्री धरून चालत होतो. आभार मानायलाही माझं तोंड उघडलं नाही, कारण ते उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर पडलं असतं अशी भीती होती.

मग तुझी शालनही गेली आणि मांगरात आपण दोघे म्हातारे उरलो. पावसाळ्यात पऱ्या चढला की वाट बंद. गुडघे असे की वाट असूनही नसल्यासारखी. तू तुझ्या खोलीत, मी माझ्या. पाऊस कौलांवर दिवसदिवस. तुझ्या फटीतून ओल आत यायची आणि तू तिच्याखाली तपेली ठेवायचास. त्यातला टपटप आवाज मला भिंतीवरून ऐकू यायचा. माझी खोली कोरडी होती. मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो, तरी टपटप यायचीच. माणूस तुरुंगात असला तर निदान सुटकेचा दिवस मोजतो. मी कोरड्या खोलीत बसून तुझ्या तपेलीचे थेंब ऐकत होतो.

आणि उन्हाळ्यात त्याच फटीचं तू घड्याळ केलंस. दुपार कलली की सूर्य मागच्या अंगाला येतो आणि उन्हाची एक पट्टी तुझ्या खोलीत उतरते. शालन असताना तू ओरडायचास, "फटीतला ऊन चुलीर इला, च्या ठेव गो." ती गेल्यावर तेच मला ओरडायला लागलास. माझ्या खोटेपणातून तू उजेड घेत होतास.

आता त्या शेवटच्या संध्याकाळकडे येतो. सिमेंटचा वाद आपला जुनाच. दर वर्षी तू माती-चुना कालवून फट भरायचास, दर पावसाळ्यात ती उघडायची, आणि मी म्हणायचो, एकदा सिमेंट भर म्हणजे कटकट संपली. त्या दिवशी मात्र तू पडवीत येऊन माझ्याशेजारी बसलास.

"दादानू, यंदा त्या भिंतीचा कायतरी करूया."

"काय करतस? शिमिट भर."

"शिमिटान फट बुजता. सांधो जुळणा नाय." मग म्हणालास, "दोगांनी मिळान करूया."

"ह्या वयात चिरे कोण उचलतलो? तुका कळता काय?"

"कळता म्हणानच सांगतंय."

"मगे मर त्या फटीत!" मी म्हटलं आणि उठून आत गेलो.

हे तुला बोललेलं माझं शेवटचं वाक्य.

तेराव्यानंतर नितीन देवबागहून परत आला. तिथल्या त्याच्या खोल्यांवर पर्यटकांचा हंगाम, तरी माझी औषधं, तांदूळ, सगळं घेऊन आला. माझ्याकडे आता त्याच्याशिवाय येणारं कोण आहे? माझा मुलगा पुण्याहून फोनवर विचारतो, जेवलात का. नितीनने फटीत हात घालून पाहिलं आणि म्हणाला, "काका, बाबांचो अर्धो भाग पावसाक टिकाचो नाय. कोणाच्या डोक्यार पडलो तर? जेसीबी सांगितलंय. तेवढो पाडून स्लॅब घालूया, पाव्हण्यांका दोन खोलये होतीत. तुमची बाजू घट आसा. मधली भिंत तुमका ऱ्हवतली."

मी ज्यासाठी हत्यार चालवलं होतं, नेमकं ते आता माझ्या दारात आलं होतं. तुझी बाजू पडणार, माझ्या चार भिंती उभ्या राहणार. आणि मुलगा बापाला दोष देत तुझे चिरे उचलून बांधावर टाकणार. मी दोन दिवस काही बोललो नाही. बोललो तर जो एक माणूस माझ्यासाठी भात घेऊन येतो तो जाईल, असा हिशेब करत बसलो. मशीन यायच्या आदल्या दुपारी नितीन तुझी भांडी बाहेर काढत होता. तुझी तपेली त्याने उचलली आणि विचारलं, "ही व्हयी तुमका?"

मी म्हटलं, "नितीन, ती ठेव. कोयतो घे आणि कोपऱ्यातलो गिलावो काढ."

"पाडूचाच आसा तर गिलावो कित्याक काढू?"

"काढ रे. माका तुका कायतरी दाखवूचा आसा."

त्याने वरून सुरुवात केली. गिलाव्याचे पोपडे पडत गेले आणि तुझे चिरे दिसायला लागले. एक अख्खा, एक तासलेला, एक अख्खा, एक तासलेला. तासलेल्या तोंडांवर माझ्या हत्याराचे घाव तसेच होते. दर वर्षी तू भरलेल्या माती-चुन्याने ते झाकून ठेवले होते. मी त्याला सगळं सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसलो असतो तर थांबलो असतो.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि तुमी गप ऱ्हवलास."

"व्हय."

"आजोबांसमोर?"

"व्हय."

"माझ्या लग्नात मांडव कललो, तात्या सगळ्यांसमोर बाबांका बोललो, तेव्हांव?"

"तेव्हांव."

तो परत भिंतीकडे वळला. रागानेच खाली खाली गिलावा ओढत गेला. आणि जमिनीपाशी येऊन थांबला. "काका, हयसर तसा नाय आसा."

मी वाकलो. खालच्या तीन थरांत सांधा मोडलेला होता. तासलेले अर्धे चिरे काढून टाकलेले, त्यांच्या जागी अख्खे बसवलेले, आणि ते सांध्याच्या पलीकडे, माझ्या भिंतीत खोबण करून घट्ट गुंतवलेले. तो चुना माझा नव्हता. ते काम माझं नव्हतं. वरच्या थरांत फट होती, या तिन्हींत केस शिरेल एवढीही नव्हती.

नितीनने उकिडवं बसून त्या चुन्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी शाळेत होतंय तेव्हा बाबांनी हयसर काम काढल्यानी होता. आयेक सांगल्यानी, उंदराचा बीळ बुजवतंय."

म्हणजे तुला कळलं होतं. आपले बाबा जिवंत असताना, वाटणीच्या कितीतरी आधी. तू गिलावा उघडलास, तुझे तासलेले दाते पाहिलेस, आणि ते कोणी तासले हे तुला कोणी सांगायला नको होतं. बाबांना दाखवलं नाहीस. पंचांना दाखवलं नाहीस. तात्याने देवाचं नाव घेतलं तेव्हा फक्त माझ्याकडे पाहिलंस.

आणि तीनच थर का, तेही मला तिथे वाकलेलं असतानाच समजलं. तुझी खोली उतारावर, माझ्या जमिनीपेक्षा हातभर खाली. ते तीन थर माझ्या जमिनीच्या खाली येतात. चौथ्याला हात लावला असता तर माझ्या खोलीतला गिलावा पडला असता. त्यापुढे भिंत माझ्या बाजूनेही उघडावी लागली असती. त्यासाठी मला विचारावं लागलं असतं, आणि विचारायचं म्हणजे मला उघडं पाडायचं. तू तिथे थांबलास. वर्षानुवर्षं थांबलास. मग शेवटी पडवीत येऊन बसलास आणि विचारलंस. दोगांनी मिळान.

मी तुला काय उत्तर दिलं ते वर लिहिलं आहे.

त्या दिवशी नितीन कोयता तिथेच टाकून गेला. मशीन आलं नाही, पण तोही आला नाही. भात शेजारच्या वाडीतल्या माणसाबरोबर पाठवायचा. मी डबा उघडायचो, जेवायचो, डबा धुऊन दारात ठेवायचो. मला वाटलं, आता असंच. मग एका सकाळी टेम्पो आला, खाणीतून ताजे काढलेले चिरे भरून. तो पहार घेऊन माझ्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "तुमची खाट हलवा. तुमच्या बाजूसून उघडूक लागात." एवढंच बोलला. अजूनही कामापुरतंच बोलतो. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

तात्या आला होता बघायला. मी त्याला नितीनसमोर सगळं सांगितलं आणि म्हटलं, यापुढे कोणाचं काम बिघडलं तर माझं नाव घ्या, 'दादाचो कोपरो' म्हणा. त्याला खरंच वाईट वाटलं. मग म्हणाला, "दादा, सांगतंय मी सगळ्यांका. पण तोंडात बसलेला आता सुटाचा नाय. पोरांका बाबलो कोण तांय म्हायती नाय, तरी म्हणतत." त्याचं बरोबर आहे. तुझं नाव त्या फटीत अडकलं आहे आणि मला ते बाहेर काढता येत नाही. म्हणून हे लिहितो आहे. ज्यांच्या हाती पडेल त्यांनी निदान एकदा वाचावं, की बाबल्याचा सांधा मोडलेला होता. भिंत खोटं बोलत होती.

माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला आता भगदाड आहे. त्यातून काजूची झाडं दिसतात आणि संध्याकाळी मुंग्या आत येतात. खाट तुझ्या खोलीत, कोपऱ्यासमोर आणली आहे. आज सकाळी "आसस?" विचारलं ते तुझ्या बाजूने, माझ्या रिकाम्या खोलीला. तिकडून तो घुमून परत आला, आणि माझा आवाज तुला इतकी वर्षं कसा ऐकू येत असेल ते पहिल्यांदा कळलं. वरून येतो, जरा हुकूम केल्यासारखा.

तुझ्या तीन थरांवर नितीनने आणखी तीन चढवले आहेत. त्याने कधी भिंत बांधलेली नाही. मी बसून सांगतो, तो ऐकतो, चिरा उचलून पेराने वाजवतो. हे त्याला मी सांगितलेलं नाही. काल संध्याकाळी तो देवबागला परत गेला, पुढच्या आठवड्यात येईल. पाऊस त्याच्या आधी आला तर भगदाडावर ताडपत्री टाकून मी इथेच बसेन, दुसरीकडे कुठे जाणार?

जाताना तो दाते सोडून गेला आहे. एक बाहेर, एक आत, एक बाहेर. ताजे आहेत, अजून मऊ आहेत. तासायचं हत्यार मी त्याच्याबरोबर पाठवून दिलं आहे.